गडग्यावरचा माड

कुठला माड कुणाच्या घरावर पडणार हे आधी कळलं की माणसं शहाण्यासारखी वागतील, असं ज्या विद्वानांना वाटलं त्यांनी आमच्या आडवेळ गावात चार दिवस येऊन राहायला हवं होतं. ते आले नाहीत. त्यांनी पट्टे पाठवले.

पट्टा म्हणजे वीतभर रुंदीची काळी पट्टी. गावातल्या एकूण एक माडाला छातीएवढ्या उंचीवर ती आवळून बसवली. आधी लोकांना वाटलं, नारळ मोजायला आलेत, कर लावणार. दोघातिघांनी रात्रीतून पट्टे कापून विहिरीत टाकले. मग कृषी खात्याची एक पोरगी आली, पारावर बसली आणि तिने कुणालाही अडाणी न म्हणता नीट समजावलं.

प्रत्येक माड वाऱ्यात आपल्या लयीत डुलतो. मुळं घट्ट असली की झोका आखूड आणि भरभर. मुळाखालची वाळू सरकली, खोडात भुंग्याने घर केलं, की झोका लांबतो, संथ होतो. माणसाच्या डोळ्याला हा फरक दिसत नाही. पट्ट्याला कळतो. तो वर्षानुवर्षं झोके ऐकत बसतो आणि त्यावरून ठरवतो की या झाडाने जमीन किती घट्ट धरली आहे. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू समुद्रावर. वादळ उठलं की विमानातून कावळ्याएवढी शेकडो यांत्रिक पाखरं त्याच्या पोटात सोडतात. ती मरेपर्यंत वारा, दाब, पाण्याची ऊब कळवत राहतात. या दोन्ही गोष्टी एका प्रचंड संगणकात जातात. त्या संगणकाला आमच्या गावची प्रत्येक टेकडी, प्रत्येक घर, प्रत्येक भिंत पाठ आहे. पूर्वी रेडिओ सांगायचा, कोकण किनाऱ्यावर जोरदार वारे. आता फोन सांगतो, तुमच्या परसातला अमुक माड उद्या दुपारी पडण्याची शक्यता इतकी, आणि पडला तर त्याची शेंडी कुठल्या छपरात घुसेल ते.

सरकारी नाव होतं वृक्षपतन पूर्वसूचना सेवा. आम्ही म्हणायचो पत्रिका.

आणि पत्रिकेच्या मागोमाग कायदा आला. पत्रिकेत धोका दिसूनही मालकाने माड तोडला नाही आणि तो दुसऱ्याच्या घरावर कोसळला, तर मालक जबाबदार. तोडणीचा खर्चही मालकाच्याच बोकांडी. कागदावर किती सरळ दिसतं! दिल्लीत नाहीतर मुंबईत गार खोलीत बसून लिहिणाऱ्याला काय माहीत की कोकणात माडाला मालक किती असतात.

आमच्या माडाला दोन होते. मी आणि माझा चुलतभाऊ सगुण आरोलकर.

माझं नाव हेमलता. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. सावंतवाडी, कणकवली, कोल्हापूर, मुक्कामी गाड्या. झोपले ती डेपोच्या खोलीत, नाहीतर गाडीच्या मागच्या लांब बाकड्यावर, डास मारत. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, सीट फुल आहे. निवृत्त झाल्यावर बापाच्या वाट्याच्या जागेवर दोन खोल्या, पडवी आणि स्वयंपाकघर बांधलं, वर मंगलोरी कौलं घातली. स्वतःच्या छपराखाली झोपायची हौस मी साठी उलटताना फेडली. त्यामुळे त्या घराकडे कुणी वाकड्या नजरेने बघितलं तर मी डोळे काढायला कमी करणार नव्हते.

माझं घर पूर्वेला, सगुणाचं पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. मध्ये जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे चुन्याशिवाय रचलेली कुंपणाची भिंत. आणि बरोबर गडग्याच्या पोटातून वर गेलेला तो माड, गावातला सर्वांत उंच. गडगा कुणी घातला हे सांगू शकणारी माणसं कधीच मसणात गेली. माझ्या बापाने सगुणाच्या बापावर दावा लावला, ते दोघेही गेले आणि दावा आम्हाला वारशात आला. कोर्टाने हुकूम दिला, जैसे थे. माडाला कुणी हात लावायचा नाही. नारळ पिकून पडायचे. इकडे पडला तो मी उचलायचा, तिकडे पडला तो त्याने. गडग्यावर आपटून फुटला की दोघं नुसती बघत उभी. कावळे खायचे.

मे महिन्याच्या शेवटी मर्जान आलं. चक्रीवादळाला एवढं नाजूक नाव कोण देतं त्यालाही एकदा भेटायचंय मला. ते दूर समुद्रात होतं तेव्हाच गावातले सगळे फोन एकदम वाजले. मी तांदूळ निवडत होते. पत्रिका उघडली. माझ्या विहिरीजवळचे दोन माड सुरक्षित. गडग्यावरचा माड मात्र लाल. पडणार. दिशा पश्चिम. सगुणाचं स्वयंपाकघर.

खोटं कशाला बोलू? मी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि हसले.

दुपारपर्यंत तोडणीची टोळी आली. टोळीचा म्होरक्या पास्कू फर्नांडिस, हातात करवत, कमरेला दोर. त्याच्यामागे सगुण धोतर सावरत धावत.

"माड कोणाचो?" पास्कूने विचारलं. "मालकान तोड म्हटल्याशिवाय माका करवत लावूक गावणा नाय."

"तिचो," सगुण म्हणाला.

मी तीन ताड उडाले. "कोर्टात शपथेवर माझो म्हणून सांगितलंस ना रे मेल्या!"

"तेवा पत्रिका खय होती?"

"आणि आता माड माझो झालो? तुझ्या घरार पडतलो म्हणून?"

"तुझो बापूस मरेपर्यंत काय सांगी? माड आमचो, माड आमचो. मगे आता घे. मी सोडलंय हक्क. तोड नायतर जबाबदारी तुझी."

"माका नको," मी म्हटलं. "तुझ्या वकिलान काय सांगल्यान ता माका आज पटला. गडगो तुमचो, माड तुमचो. देवान तुझा भला करो."

पास्कूने आमच्या दोघांकडे पाहिलं. एवढी वर्षं ज्या माडासाठी आम्ही वकील पोसले, तो आज आम्ही एकमेकांना वाढून देत होतो. सगुणाची बायको रोहिणी कुडाच्या आडून म्हणाली, "वन्संनू, तुमका दया नाय? चुलीवर पडतलो तो आमच्या."

"चूल इकडे आणून ठेव," मी म्हटलं आणि आत गेले.

संध्याकाळी फोन पुन्हा वाजला.

इथे वादळाचं शास्त्र थोडं सांगते, नाहीतर पुढचा तमाशा कळणार नाही. चक्रीवादळ आपल्याकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. मधोमध शांत डोळा, भोवती गरगरणारा वारा. आता ते पश्चिमेकडून किनाऱ्यावर येतंय. डोळा गावाच्या दक्षिणेकडून गेला तर गावावर वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटणार, म्हणजे माड पश्चिमेला, सगुणाच्या घरावर. डोळा उत्तरेकडून गेला तर वारा थेट समुद्रावरून येणार आणि माड पूर्वेला झोपणार. पूर्वेला मी. डोळा किनाऱ्याला कुठे लागेल ते पाखरं जसजशी कळवतील तसतसं बदलत जातं. आमच्यासारख्या गावाला पाच कोसांचा फरक म्हणजे घर की ढिगारा.

संध्याकाळी डोळा उत्तरेला सरकला होता. लाल रेघ माझ्या पडवीतून आत शिरून स्वयंपाकघरात थांबली होती.

मी चप्पल न घालता पास्कूला शोधत गेले. तो देवळामागे दुसरा माड उतरवत होता. "पास्कू, लिव. माड सगुण आरोलकराचो. मी साक्षीदार."

परत येते तर सगुण ओसरीवर बसून फणसाचे गरे खात होता. मला बघून तो गडग्याशी आला आणि वरून एक गरा पुढे केला. "घे. तोंड गोड कर. दुपारी काय म्हणालंस तू? चूल इकडे आणून ठेव?"

"सगुणा, माड तुझो."

"छे गो. मी सोडलंय तो."

रात्री डोळा परत दक्षिणेला आला, तेव्हा सगुणाच्या घरातले दिवे लागले आणि मी शांत झोपले. सकाळी तो पुन्हा उत्तरेला होता आणि रोहिणी अंगणात गाणं म्हणत सडा घालत होती. यंत्राने सांगितलं ते शब्दाशब्दाला खरं होतं. त्यात मला एकही खोट सापडत नाही. भडव्या यंत्राला एवढंच कळलं नव्हतं की दोन घरांना आळीपाळीने वाचवणारी बातमी ही बातमी नसते, ती काडी असते. एका घराला आग लागली की दुसऱ्याने हात शेकायचे. आणि आम्ही शेकले, दोघांनीही, मनापासून.

तिसऱ्या दिवशी पास्कू आला तो करवत खांद्याला लावूनच. आभाळ पिवळट पडलं होतं. किनाऱ्यावरच्या होड्या लोकांनी वर ओढून माडांना बांधल्या होत्या.

"आता तोडूक टायम नाय," तो म्हणाला. "एवढो उंच माड घरांमधे उतरवचो म्हणजे वरसून तुकडे करत येवचा लागता. दिवस जाता. तुमी दोघांनी मिळान तीन दिवस खाल्लात. पत्रिका बघलात?"

बघितली होती. डोळा नेमका कुठे लागणार ते संगणकालाच ठरवता येत नव्हतं. शक्यता निम्मी निम्मी.

"तोडूक नाय तर निदान बांधा तरी. नारळ उतरवा, खालच्यो झावळ्यो काढा, म्हणजे वाऱ्याक धरूक कमी गावतला. आणि दोन बाजूंनी दोर." त्याने फोनवर तसं भरून दाखवलं. लाल रंग उतरून नारिंगी झाला. धोका गेला नव्हता. पण अर्ध्याहून कमी झाला होता. पास्कूने आपल्याजवळचा जाड नायलॉनचा दोर गडग्यावर टाकला आणि पुढच्या वाडीला निघून गेला.

आम्ही दोघं दोराकडे बघत राहिलो. मला आधी कळलं की त्याला, माहीत नाही. माड पश्चिमेला सगुणाच्या घरावर जाणार असेल, तर त्याला मागे धरणारा दोर पूर्वेला हवा. माझ्या अंगणात, माझ्या फणसाच्या बुंध्याला. आणि माझ्या घरावर यायला लागला तर त्याला अडवणारा दोर सगुणाच्या परसात. माझा दोर त्याचं छप्पर वाचवणार. त्याचा दोर माझं. स्वतःच्या घरासाठी आम्हाला दोघांनाही काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

"तू घट्ट बांधशीत?" सगुणाने विचारलं.

"तू बांधशीत?"

त्याने धोतर वर खोचलं, पायात दोराचा फास अडकवला आणि माडावर चढायला लागला. सगुणाचा बाप माडी काढायचा. सगुण स्वतः मात्र वेंगुर्ल्याला कापडाच्या दुकानात आयुष्यभर कात्री चालवत आलेला, पोट सुटलेला. अर्ध्यावर गेला तेव्हा त्याच्या मांड्या थरथरताना मला खालून दिसत होत्या. वाऱ्याचा एक झोत आला. माड झुकला. सगुण खोडाला पालीसारखा चिकटला.

"उतर खाली!" मी ओरडले. "मराक गेलंस काय वर?"

"थांब गो! दोन पेंडी ऱ्हवल्यात!"

नारळ धपाधप पडत होते. मी आणि रोहिणी डोक्यावर टोपल्या धरून ते ओढत होतो. काही वेळाने बघते तर सगळे नारळ एकाच ढिगात. कुठला इकडचा, कुठला तिकडचा, कुणी बघितलंच नव्हतं.

दोर वर बांधून तो उतरला. तळहात सोलले होते. मग गाठींचा कार्यक्रम. मी फणसाला बांधलेली गाठ त्याने येऊन हलवून बघितली. "तुका ही गाठ मारूक कोणी शिकवल्यान? घंटी मारूक येता तुका फक्त." त्याने ती सोडून परत बांधली. मग मी गडगा ओलांडून त्याच्या परसात गेले. तिथे पाय ठेवला तो बाप वारला त्यानंतर पहिल्यांदाच. त्याने दोर विहिरीच्या खांबाला बांधला होता. मी पाय लावून ओढला. "ह्या गाठीन बोकड तरी रवतलो काय?" मग दोघांनी मिळून तीही परत मारली. रोहिणी म्हणाली, "वन्संनू, चाय घेतास?" मी उभ्याउभ्या घेतली.

नंतर आम्ही सगळेच शाळेच्या नव्या इमारतीत गेलो. ती वादळासाठीच बांधलेली, खिडक्यांना पोलादी झडपा. सबंध वाडी तिथे. वर्गातल्या मोठ्या पडद्यावर पत्रिका लावलेली. प्रत्येक माडाचा पट्टा अजून बोलत होता. गावातला एकेक ठिपका हिरवा, नारिंगी, लाल. कुणाचा माड गेला की लोक क्रिकेटच्या विकेटसारखे ओरडायचे, आणि ज्याचा गेला तो कपाळावर हात मारता मारता स्वतःही हसायचा. भीती फार झाली की माणसं हसतात. मी घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाडीत हे पाहिलंय.

दुपार कलली आणि मर्जान पोचलं. डोळा उत्तरेला लागला.

बाहेर काय चाललं होतं ते सांगता येणार नाही. भिंतीला पाठ लावली की भिंत कण्हत असल्यासारखी वाटायची. वारा समुद्रावरून, सगळा. पडद्यावर आमच्या माडाचा झोका लांब व्हायला लागला. पूर्वेकडे. माझ्याकडे. आणि दर वेळी सगुणाच्या परसातला दोर त्याला मागे खेचत होता. लोकांनी बाकीचे माड सोडले आणि आमचाच बघायला लागले. एवढ्या वर्षांची केस, गावाला तोंडपाठ.

"धरल्यान! धरल्यान!" कुणीतरी ओरडायचं.

सगुण माझ्या शेजारी जमिनीवर बसला होता. सोललेल्या हातांना रोहिणीने हळद लावून फडकी बांधली होती. तो पडद्याकडे बघताना त्या हातांच्या मुठी आवळत होता, जणू दोर त्याच्याच हातात आहे.

मग झोक्याची रेघ एका बाजूला घसरली. पट्टा कळवत होता, ओढ कमी झाली. दोर सरकत होता. गाठ सुटत होती की विहिरीचा खांब हलला होता, देव जाणे.

सगुण उठला. "एक वेढो अजून मारलो तर रवतलो. धावत जातंय नि इलंय."

"बस खाली."

"तुझा घर जातला गो, हेमाताय!"

ताय. ही हाक मी विसरले होते. तो दाराकडे वळला. दारावरच्या पोराने अडसराला हात घातला, बावळटासारखा. मी उठले आणि सगुणाच्या सदऱ्याला मागून धरलं. भर गर्दीत, उतरायच्या आधी गाडीतून उडी मारणाऱ्या कितीतरी बेवड्यांना मी असं धरलंय. माझी पकड त्या डेपोला माहीत आहे.

"सोड!"

"भायर पत्रे उडतत. मान कापली जायत तुझी."

"माझ्या बाजूचो दोर तो. मी बांधलंय. तुझा घर गेला तर लोक म्हणतले, मुद्दाम ढिलो बांधल्यान."

"म्हणांदेत! घर माझा मा? मी सांगतंय, जाऊंदे."

त्याने हिसका मारला. मी सदरा सोडला नाही. शिवण टरकली. मी तरीही सोडला नाही. शेवटी तो खाली बसला, आणि मी त्याच्या शेजारी, सदरा मुठीत धरूनच. मी पडद्याकडे बघितलं नाही. लोक गप्प झाले तेव्हा कळलं.

रोहिणी रडायला लागली. मी म्हटलं, "रडतंस कित्याक? तुझी चूल वाचली."

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं. आम्ही गेलो. विहिरीचा खांब मुळासकट उपटून निम्म्या परसात आला होता. गाठ तशीच होती, हलली नव्हती. सगुणाने ती मला दोनदा दाखवली. माड माझ्या पडवीवर आडवा पडला होता आणि स्वयंपाकघर दुभंगून शेंडी पलीकडे निघाली होती. दोन खोल्या उभ्या होत्या. कौलं नव्हती. खाटेवर उजेड पडला होता.

मला वाटलं होतं मी छाती पिटेन. मी खाटेवरचे कौलाचे तुकडे झटकले आणि बसले. समोर सगुण उभा होता, फडकी बांधलेले हात, उसवलेला सदरा, मान धडावर. बरं वाटलं. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

गाव आलं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पोरांनी भांडी उकरून काढली, बायकांनी सगुणाच्या चुलीवर पेज टाकली, पास्कू करवत घेऊन आला आणि माडाचे तुकडे करायला लागला. तेवढ्यात पंचनाम्याचा साहेब, हातात फोन, बूट चिखलात.

"माडाचा मालक कोण?" त्याने विचारलं. "पत्रिकेत धोका दिसत होता. मालकावर जबाबदारी येते."

"माझो," सगुण म्हणाला.

"खोटा बोलता हा तो," मी म्हटलं. "माड माझो. माझ्याच माडान माझा घर पाडल्यान. लिवा."

"साहेब, ती म्हातारी झाली, तिका काय आठवणा नाय. कोर्टात माझा शपथपत्र आसा. माड माझो."

"माझाही आसा! माझो!"

"माझो गो!"

आम्ही गळ्याच्या शिरा ताणून भांडत होतो, आणि गडग्यापलीकडे सगळी वाडी पोट धरून हसत होती. साहेब कधी इकडे, कधी तिकडे. बिचाऱ्याला वाटलं असेल, वादळाने डोकी फिरली आहेत.

पास्कूने तोवर शेंडा फोडला होता. झावळ्यांच्या पोटात माडाचा गाभा असतो, पांढराशुभ्र, ओलसर, ताज्या नारळापेक्षा गोड. माड पडल्याशिवाय तो कुणाच्या तोंडाला लागत नाही. त्याने कोयत्याने जाड चकत्या काढून केळीच्या पानावर मांडल्या. पहिली सगुणाला दिली. हातांच्या फडक्यामुळे ती धड धरता येईना म्हणून सगुणाने माझ्याकडे बघितलं. मी ती मोडून त्याच्या तोंडात घातली, मग दुसरी स्वतः घेतली. कचकन चावली. रस हनुवटीवरून ओघळला.

"साहेब, बसा," मी त्या खाटेवर सरकून जागा केली. "हे खाऊन घ्या आधी. मालक कोण ते आम्ही अजून भांडतोय."